सूर पंचमावरच, खालची जमीन सरकते : पियानोवरच्या बोसा नोव्हाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात 'सांबा जी उमा नोटा सो' म्हणजे 'एका सुराचा सांबा' ही ब्राझिलियन चाल जॅझ पियानोवादक कशी मांडतो (ती बोसा नोव्हा, म्हणजे सांब्याच्या लयीतून निघालेल्या हळू आवाजाच्या शैलीतली आहे), यावर लेख दिला होता. अंतोनियो कार्लोस जोबीम आणि न्यूटन मेंडोंसा यांची ही रचना. जोआव जिल्बेर्तो यांनी ती १९६० मध्ये गिटारवर गाऊन रेकॉर्ड केली. लेख वाचून अनेकांनी थेट वाद्यापाशी बसून आलेल्या अडचणी कळवल्या, याचा आनंद आहे. त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी वीस वर्षं पेटी वाजवते. मुलीसाठी घेतलेल्या डिजिटल पियानोवर ही चाल बसवते आहे. उजव्या हातात एकच सूर आणि डाव्या हातात छापील कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरगट), एवढंच करते. तरी चौथ्या मापाला, म्हणजे चार ठोक्यांच्या चौथ्या गटाला, काहीतरी बोचतं. सूर बदलतच नाही, मग बेसूर काय होतं? (कोथरूड)

उत्तर : तुम्ही पेटीवाल्या आहात, म्हणून पेटीच्याच भाषेत बघू. काळी पाच सा धरा. पाश्चात्त्य नावानं तो बी-फ्लॅट. चालीत धरून ठेवलेला सूर आहे पांढरी चार, म्हणजे एफ. काळी पाचचा तो पंचम. नवव्या मापापासून चार मापं चाल षड्जावर जाते आणि पुन्हा पंचमावर येते. म्हणजे या भागात धरलेले दोन्ही सूर आपल्या तंबोऱ्याचेच आहेत, प आणि सा. फरक एवढाच, की आपल्याकडे तंबोरा स्थिर असतो आणि गायक फिरतो. इथे वरचा सूर स्थिर आहे आणि खालचा आधार दर मापाला अर्धा सूर उतरतो.

पहिली चार मापं अशी आहेत : डी मायनर सेव्हन, डी-फ्लॅट सेव्हन, सी मायनर सेव्हन आणि बी सेव्हन फ्लॅट फाइव्ह. प्रत्येक कॉर्डच्या मूळ स्वराला क्षणभर सा समजा आणि आपली पांढरी चार त्यातला कोणता स्वर होते ते पाहा. डीवरून ती कोमल गंधार. डी-फ्लॅटवरून शुद्ध गंधार. सीवरून शुद्ध मध्यम. बीवरून तीव्र मध्यम. बोट एकाच पट्टीवर, आणि ऐकणाऱ्याला ग॒ ग म म॑ अशी चढण जाणवते. या रचनेचं सगळं सौंदर्य इथे आहे, आणि तुम्हाला बोचणारी जागाही इथेच आहे.

चौथ्या मापाचा बी सेव्हन तुम्ही बहुधा नेहमीच्या पद्धतीनं, शुद्ध पंचमासह वाजवत असाल. बीचा पंचम एफ-शार्प. वर चालीत एफ चालू आहे आणि खाली एफ-शार्प. दोन्हींत अर्ध्या सुराचं अंतर, म्हणून ते एकमेकांवर घासतात. छापील प्रतीत 'फ्लॅट फाइव्ह', म्हणजे अर्धा सूर उतरवलेला पंचम, लिहिलेलं असतं ते याचसाठी. तो एफ-शार्प काढून टाका, एवढ्यानं चौथं माप स्वच्छ होईल.

आता सुरांची नेमकी मांडणी. डाव्या हातात फक्त दोन स्वर ठेवा, मूळ स्वर आणि त्याची सातवी (नावातल्या 'सेव्हन'चा स्वर, मूळ स्वराला सा धरलं तर कोमल निषाद). पहिल्या मापाला मधल्या सीच्या खालचा डी आणि वर मधला सी. पुढे दोन्ही बोटं प्रत्येक मापाला अर्धा सूर खाली सरकवत न्या : डी-फ्लॅट आणि बी, मग सी आणि बी-फ्लॅट, मग बी आणि ए. वर उजव्या हातात एफ. पहिल्या दोन मापांत एफ हाच कॉर्डचा गंधार असल्यामुळे वेगळा गंधार लागत नाही. दुसऱ्या मापापासून उजव्या अंगठ्यानं एफच्या शेजारचा ई-फ्लॅट, म्हणजे काळी दोन, दाबून ठेवा आणि चौथं माप संपेपर्यंत उचलू नका. दुसऱ्या मापात तो नववा स्वर (वरचा ऋषभ) होतो, तिसऱ्यात सी मायनरचा कोमल गंधार, चौथ्यात बी सेव्हनचा शुद्ध गंधार. एका अंगठ्यात तीन कॉर्डांचं काम होतं. पहिल्या मापात मात्र हा ई-फ्लॅट नको, तिथे तो कर्कश लागतो. तिथे शुद्ध ई घालून कॉर्ड 'भारी' करण्याचा मोहही टाळा. ई आणि एफ शेजारी वाजले की चालीचा सूर झाकोळतो.

डाव्या हातात गंधार घालायचाच असेल तर मधल्या सीच्या खालच्या सप्तकाच्या तळाशी घालू नका. त्या भागात तीन-चार पट्ट्यांच्या अंतरावरचे दोन स्वर एकत्र वाजले की नुसता घुमारा येतो. सातवीचं अंतर तिथे चालतं, कारण मध्ये मोकळी जागा असते.

प्रश्न : स्वर बरोबर येतात, पण ऐकणारे म्हणतात की हे बोसा नोव्हा वाटत नाही, हॉटेलातल्या पियानोसारखं वाटतं. सोबतीला मित्र तबल्यावर केरवा धरतो. चूक कुठे आहे? (औंध)

उत्तर : दोन ठिकाणी असावी. पहिली केरव्यात. केरव्याला स्वतःचा झोका असतो आणि तो झोका या चालीच्या आड येतो. दुसरी तुमच्या डाव्या हातात.

चार ठोक्यांची दोन मापं घ्या, प्रत्येक ठोक्याचे दोन भाग करा. सोळा मात्रा झाल्या. आता हातावर तीनताल धरा आणि तोंडानं 'टक' म्हणा, फक्त १, ४, ७, ११ आणि १४ या मात्रांवर. अंतरं ३, ३, ४, ३, ३ अशी पडतात. ठेक्याच्या बोलांत सांगायचं तर पहिला धा, चौथा धा, सातवा धिं, अकरावा तिं आणि चौदावा धिं. बघा, समेनंतरची पाचवी टाळी, नववी खाली आणि तेरावी टाळी, तिन्ही ठिकाणी 'टक' येत नाही. सम सोडली तर विभागाच्या तोंडावर एकही आघात नाही. बोसा नोव्हात ड्रमवाला काठीनं ड्रमच्या कडेवर वाजवतो ती बहुतेकदा हीच आकृती. ब्राझीलचे वादक तिला कायद्यासारखी पाळत नाहीत, मधूनमधून मोडतात. पण मोडायच्या आधी ती अंगात बसलेली हवी.

डाव्या हाताची वाटणी गिटारवरून घ्या. गिटारवाला अंगठ्यानं खर्ज सरळ चालवतो आणि बाकीच्या बोटांनी कॉर्ड आडवे टाकतो. पियानोवर तुमची करंगळी म्हणजे त्याचा अंगठा. करंगळीनं मूळ स्वर १, ५, ९ आणि १३ व्या मात्रेला. अंगठ्यानं सातवी १, ४, ७, ११ आणि १४ ला. वजन कुठे द्यायचं ते नीट लक्षात घ्या : १ वर नाही, ५ आणि १३ वर. सांबा दोन ठोक्यांच्या मापात मोजतात; त्यात सुर्डो नावाचा मोठा ढोल दुसऱ्या ठोक्याला जड वाजतो, त्याची ही आठवण आहे. आपण समेवर वजन टाकायला इतके सरावलेलो असतो की हे सुरुवातीला उलटं वाटतं. समेवर जोर दिलात की लगेच लष्करी बँडची चाल ऐकू येते.

तुम्ही जॅझ ऐकत असाल तर आणखी एक सवय सोडावी लागेल. जॅझच्या स्विंगमध्ये ठोक्याचे दोन भाग असमान असतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड, साधारण तिस्र जातीसारखे. बोसा नोव्हात ते समान हवेत, चतस्र. चांगले हात असलेले जॅझवादकसुद्धा इथे नकळत लंगडतात, विशेषतः उजव्या हाताच्या जलद जागांमध्ये.

सराव तासन्‌तास करू नका, पण रोज करा. आधी फक्त डावा हात, मेट्रोनोम ८० वर, पहिल्या दोन कॉर्डांवर, पाच मिनिटं न थांबता. मग १००. १३२ पर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागले तरी हरकत नाही. मित्राला सांगा, केरवा सोडून चाटीवर एका बोटानं सोळाही मात्रा अगदी हळू भर आणि डग्गा फक्त ५ आणि १३ ला, मींड न काढता.

प्रश्न : शास्त्रीय संगीत शिकलो आहे. पहिली फेरी वाजवून झाली की उपज करायला जातो आणि अडकतो. बी-फ्लॅटचा बिलावल धरला तर दर दुसऱ्या मापाला सूर चुकतो. कोणता राग धरावा? (सहकारनगर)

उत्तर : कोणताच नाही. राग एका अचल षड्जावर उभा असतो. इथे दर मापाला आधार बदलतो. डी-फ्लॅट सेव्हनमधले डी-फ्लॅट, ए-फ्लॅट आणि बी, तसंच बी सेव्हनचा मूळ स्वर बी, हे तुमच्या बिलावलात नाहीत, म्हणून नेमकं दुसऱ्या आणि चौथ्या मापाला अडतं.

हे दोन कॉर्ड तिथे कसे आले ते कळलं की वाट सापडते. मुळात ती जागा जी सेव्हन आणि एफ सेव्हनची. जी सेव्हनचा गंधार बी आणि सातवी एफ. डी-फ्लॅट सेव्हनमध्ये हेच दोन स्वर, फक्त भूमिका अदलाबदल झालेल्या. म्हणून एकाच्या जागी दुसरा बसतो आणि खर्ज पायरी-पायरीनं उतरतो. बी सेव्हन फ्लॅट फाइव्हचं तर आणखी गंमतीचं आहे. त्याचे चार स्वर बी, ई-फ्लॅट, एफ, ए. आणि एफ सेव्हन फ्लॅट फाइव्हचेही हेच चार. त्यामुळे चौथ्या मापात तुमचा धरलेला एफ वरवर तीव्र मध्यम असला, तरी आतून लपलेल्या कॉर्डचा तो स्वतःच षड्ज आहे.

उपज अशी चढवा. पहिल्या फेरीत सूर बदलू नका, फक्त एफ. पण तो कुठल्या मात्रेवर पडतो ते बदलत राहा. चाळीस मापांची पूर्ण फेरी १३२ च्या लयीत सुमारे सव्वा मिनिटाची होते. एवढा वेळ एका पट्टीवर काढणं अवघड वाटेल, पण कल्पनाशक्ती खरी तापते ती इथेच. दुसऱ्या फेरीत, चाल पंचमावर असेल तिथे, खाली उतरणारी सातव्यांची ओळ घ्या : सी, बी, बी-फ्लॅट, ए. एफवरून या ओळीला स्पर्श करायचा आणि परत यायचं. तिसऱ्या फेरीत पंचमांची ओळ जोडा : ए, ए-फ्लॅट, जी, एफ. बघा, चौथ्या मापाला ती आपोआप चालीच्या सुरावर येऊन मिळते. या दोन ओळी आणि एक सूर एवढ्या सामग्रीवर चार-पाच फेऱ्या उभ्या राहतात. तुम्हाला बढत माहीत आहे. ही तीच शिस्त आहे, राग मात्र नाही.

सतराव्या मापापासून येणाऱ्या आठ मापांत चाल एकदम धावते, स्वरांच्या सरळ चढ-उतारांत. तिथे पहिली चार मापं डी-फ्लॅटवर स्थिरावतात आणि पुढे तेच वळण एक पूर्ण सूर खाली, बीवर येतं. या भागात उपजेची घाई नको. चालीचंच वळण थोडं वाकवून वाजवा.

प्रश्न : मूळ चाल किती बदलली तर चालते? जॅझवाला 'स्वतःचं' वाजवतो म्हणजे नेमकं काय करतो? (सदाशिव पेठ)

उत्तर : बहुतेक वेळा तो सूर कमी बदलतो आणि जागा जास्त बदलतो. जिल्बेर्तो यांचं गाणं ऐका. गिटार घड्याळासारखी चालते आणि आवाज तिच्या पुढे-मागे तरंगतो. शब्द कधी अर्धी मात्रा आधी, कधी दीड मात्रा उशिरा. पियानोवर हे दोन्ही एकाच माणसाला करायचं असतं, म्हणून कठीण जातं. उजवा हात रेंगाळला की डावाही त्याच्यामागे रेंगाळतो. यावर साधा उपाय : डाव्या हाताच्या चाळीस मापांचं फोनवर रेकॉर्डिंग करा, ते लावा आणि त्यावर फक्त उजवा हात वाजवा. आता डावा हात तुमचं ऐकणार नाही. उशीर करून पुन्हा वेळेवर परतणं यातून आठवड्याभरात कळू लागतं.

कॉर्ड बदलायचे तर एक बदल पुण्यातल्या कानांना फार जवळचा वाटेल. सुरुवातीच्या आठ मापांत खर्जात फक्त एफ धरा, अगदी तंबोऱ्यासारखा, आणि त्यावर मधल्या सप्तकात चारही कॉर्ड उतरू द्या. चारही कॉर्ड एफच्या खर्जावर नीट बसतात. नवव्या मापाला खर्ज सोडून द्या. पंचमाचा आधार सुटून चाल षड्जावर जाते तो क्षण मग फार मोठा वाटतो. हे फक्त प्रस्तावनेपुरतं ठेवा. पूर्ण फेरी असं वाजवलं तर खर्जाची उतरण हरवते, आणि उतरण हरवली तर ग॒ ग म म॑ची चढणही ऐकू येणार नाही.

वेग खूप वाढवणं आणि उजव्या हातानं सप्तकं भरून टाकणं या दोन बदलांच्या मात्र आम्ही विरोधात आहोत. या संगीताची घडण खोलीतल्या हळू आवाजाची आहे. चाल चाळीस मापांत जे सांगते ते ऐकू येण्यासाठी भोवती शांतता लागते.

प्रश्न : कॉलेजच्या ग्रुपमध्ये पियानो, गिटार, बेस गिटार आणि काहोन (हातानं वाजवायचा लाकडी खोका) आहे. एकेकट्याचं छान वाटतं, एकत्र आलो की चिखल होतो. (विमाननगर)

उत्तर : पियानोनं मागे सरायचं. बेस गिटार असताना तुमच्या डाव्या करंगळीला काम नाही; मूळ स्वर पूर्ण सोडा आणि गंधार व सातवी मधल्या सीच्या आसपास घ्या. बेस आणि पियानो दोघंही खर्ज वाजवतात तेव्हा किंचित पुढे-मागे झालेला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. गिटार लय धरत असेल तर पियानोनं ती आकृती पुन्हा वाजवू नये. एक फेरी गिटारची, एक पियानोची, आणि दुसऱ्यानं हात मांडीवर ठेवायचे, असं आधीच ठरवा. डँपर पेडलवरचा पाय काढून घ्या. एफ वारंवार वाजतो, पेडल दाबलेलं असेल तर सगळे एफ एकमेकांत वितळतात आणि मात्रा पुसल्या जातात.

प्रश्न : घरी आजोबांच्या काळचा उभा पियानो आहे. पावसाळ्यात पट्ट्या अडकतात, आणि या चालीतली एकच पट्टी सारखी वाजवताना सूर गाळला जातो. (नारायण पेठ)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. पट्टी अडकते ती दमटपणामुळे. लाकूड आणि पट्ट्यांच्या खिळ्यांभोवतीचं फेल्ट ओलावा धरून फुगतं. पियानोला हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के मानवते. पुण्यात ती जुलै-ऑगस्टमध्ये याच्या खूप वर जाते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी खूप खाली. तारांमागची लाकडी फळी फुगली की सूर चढतो, वाळली की उतरतो. जुन्या वाड्याच्या ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला पियानो टेकवू नका; आतली भिंत बघा आणि मागे वीतभर जागा सोडा. पट्टीत तेल किंवा गंज काढायचा स्प्रे कधीही मारू नका. फेल्ट ते शोषून आणखी फुगतं आणि वर धूळ चिकटते. ट्यूनर पावसाळा संपून हवा स्थिरावल्यावर, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये बोलवा. ऐन पावसात लावलेला सूर दिवाळीपर्यंत उतरतो.

सूर गाळला जातो तो यंत्रणेमुळे. उभ्या पियानोत पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा उचलली जात नाही. ग्रँडमध्ये ती अर्ध्यातूनही उचलता येते. म्हणून एफवर बोट दाबून ठेवून पुन्हा मारू नका, प्रत्येक वेळी पट्टीला वर येऊ द्या. अंगठा ई-फ्लॅटवर धरलेला असेल, तेव्हा एफवर दुसरं आणि तिसरं बोट आलटूनपालटून घ्या. बोट बदललं की पट्टी आपोआप मोकळी होते. एवढं करूनही तोच सूर गळत असेल तर हातोडीचा पट्टा किंवा स्प्रिंग थकलेली असेल. ती ट्यूनरला दाखवा, स्वतः उघडू नका.

प्रश्न : काय ऐकावं, आणि कोणत्या क्रमानं? (बाणेर)

उत्तर : आधी जिल्बेर्तो यांचं १९६० चं गायन, फक्त गिटारच्या अंगठ्याकडे लक्ष देऊन. मग १९६२ ची 'जॅझ सांबा' ही तबकडी. स्टॅन गेट्झ आणि चार्ली बर्ड या अमेरिकन वादकांनी हीच चाल सॅक्सोफोन आणि गिटारवर घेतली आहे. जॅझवाला तिला कुठे कुठे ओढतो ते कळेल. त्यानंतर १९६३ मध्ये जोबीम यांनी स्वतः पियानोवर बसून केलेली, वाद्यवृंदासह आपल्याच रचनांची तबकडी. त्यातही ही चाल आहे. रचनाकार स्वतः पियानोवर किती थोडं वाजवतो, एकेक सूर वेगळा ठेवून, हे मुद्दाम ऐका. शेवटी जॅझ पियानोवादक अहमद जमाल यांच्या १९७० च्या 'द अवेकनिंग' मधली 'वेव्ह' ही जोबीम यांचीच दुसरी चाल. पहिल्यांदा ती डोळे मिटून ऐका. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि जमाल थांबतात ते प्रत्येक ठिकाण रेघ ओढून मोजा.